टर्बो विलंब, डीझेल वाहनांतील

टर्बोचार्जर बसविलेल्या डीझेल वाहनात चालकाने अ‍ॅक्सिलरेटर दाबणे आणि एंजिनाने पूर्ण जोर देणे यांमध्ये जो काळ जातो, त्यास टर्बो विलंब किंवा व्यवहारात ‘टर्बो लॅग’ असे म्हणतात. हा काळ बहुधा एक-दोन सेकंदांचा, कित्येकदा त्याहूनही कमी असतो. तथापि ताशी ६० किमी. वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मी. अंतर कापते, हे लक्षात घेतल्यास दुसऱ्या वाहनास ओलांडून पुढे जाताना किंवा घाटाच्या वळणावर भरलेली मालमोटार चढवताना या विलंबाचे महत्त्व ध्यानात येते. शिवाय याच काळात डीझेल एंजिन सर्वांत जास्त काळा धूर ओकते. त्यामुळे टर्बो विलंबाचा प्रश्न केवळ चालकाच्या सोयीचा नसून रस्त्याकाठी राहणाऱ्यांच्या आरोग्याचाही आहे.

कारणमीमांसा : डीझेल एंजिनात जाळलेल्या इंधनाच्या ऊर्जेपैकी सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा निष्कास वायूबरोबर वाया जाते. टर्बोचार्जरमध्ये या वायूच्या झोताने एक टरबाइन फिरवितात. टरबाइनाच्याच दंडावर दुसऱ्या टोकास संपीडक असतो व तो बाहेरील हवा दाबून सिलिंडरांत भरतो. हवा जास्त भरली म्हणजे इंधनही जास्त जाळता येते आणि तेवढ्याच आकारमानाच्या एंजिनापासून अधिक शक्ती मिळते. या रचनेत एंजिन व टर्बोचार्जर यांचा यांत्रिक सांधा नसतो. दोहोंना जोडणारा दुवा केवळ वायूचा असतो. विलंबाचे मूळ येथेच आहे. अधिक हवा मिळण्यासाठी टरबाइन वेगाने फिरले पाहिजे, ते वेगाने फिरण्यासाठी अधिक निष्कास वायू पाहिजे आणि अधिक निष्कास वायू निर्माण होण्यासाठी सिलिंडरात आधी अधिक इंधन जळले पाहिजे. इंधनपंप एका आवर्तनात इंधन वाढवू शकतो. हवेला मात्र हा फेरा पुरा करावा लागतो. इंधन आधी पोहोचते व हवा मागाहून येते, असे या घटनेचे थोडक्यात वर्णन करता येईल.

एक किग्रॅ. डीझेल पूर्णपणे जळण्यास सिद्धांततः सुमारे १४.५ किग्रॅ. हवा लागते. सिलिंडरात इंधन व हवा यांचे मिश्रण सर्वत्र सारखे होत नसल्याने प्रत्यक्षात हवा याहून बरीच जास्त असावी लागते. ती कमी पडली की इंधनातील कार्बन न जळता काजळीच्या रूपाने बाहेर पडतो. जोर धरताना उठणारा काळ्या धुराचा लोट म्हणजे विलंबाची डोळ्यांना दिसणारी खूणच होय.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. एंजिन फार मंद फिरत असता निष्कास वायूचा प्रवाह इतका क्षीण असतो, की कितीही वेळ थांबले तरी टर्बोचार्जर पुरेसा दाब देऊ शकत नाही. ही एंजिनाच्या वेगाची मर्यादा होय. ती ओलांडल्यावरही दाब वाढण्यास जो वेळ लागतो, तोच खरा विलंब. पहिल्या दोषावर योग्य गिअर निवडणे हा उपाय चालकाच्या हाती असतो. दुसऱ्यावरील उपाय मुख्यतः अभिकल्पकाच्या हाती असतो.

आरंभीचा इतिहास : निष्कास वायूवर चालणाऱ्या संपीडकाचे एकस्व स्वित्झर्लंडमधील अभियंते आल्फ्रेड ब्यूखी (१८७९–१९५९) यांनी १९०५ मध्ये मिळविले. रूडोल्फ डीझेल (१८५८–१९१३) यांच्या एंजिनाची यशस्वी चाचणी १८९७ मध्ये झाली होती. म्हणजे त्या एंजिनास जेमतेम आठ वर्षे झाली असताना ही कल्पना पुढे आली. ती व्यवहारात उतरण्यास मात्र वीस वर्षे लागली. १९२५ मध्ये ब्यूखी यांनी दुसरे महत्त्वाचे एकस्व घेतले. त्यात सर्व सिलिंडरांचे निष्कास वायू एकाच नळीत न सोडता ज्वलनाच्या क्रमानुसार निरनिराळ्या नळ्यांतून टरबाइनाकडे नेण्याची योजना होती. त्यामुळे प्रत्येक सिलिंडरातून येणारा दाबाचा स्पंद दुसऱ्याच्या अडथळ्याने विझत नाही व टरबाइनास त्याचा पूर्ण धक्का मिळतो. पुढील काळातील दुभागी टरबाइन-कवचाची रचना याच तत्त्वावर आधारलेली असून विलंब कमी करण्याचे ते सर्वांत जुने साधन म्हणता येईल. ब्यूखी यांचा हेतू मात्र विलंब घटविण्याचा नव्हता. या काळातील टर्बोचार्जरयुक्त एंजिने ‘प्रॉयसेन’ व ‘हान्झेश्टाट डान्झिग’ यांसारख्या जर्मन जहाजांवर बसविलेली होती. जहाजाचे एंजिन तासन्‌तास एकाच गतीने चालते. अशा ठिकाणी दाब वाढण्यास काही सेकंद अधिक लागले, तरी कोणाचे काही अडत नाही.

शर्यतीच्या वाहनावरही प्रारंभी हीच स्थिती होती. १९५२ च्या इंडियानापोलिस शर्यतीत कमिन्स कंपनीच्या टर्बोचार्जरयुक्त डीझेल मोटारीने फ्रेड अगबाशियन या चालकाच्या हाती पहिले आरंभस्थान मिळविले. तेथील मार्ग अंडाकृती असून एंजिन सतत उच्च गतीने चालविता येत असे. शर्यतीत मात्र हवेच्या तोंडाशी कचरा अडकल्याने ही मोटार मध्येच बाद झाली. स्थिर गती हा टर्बोचार्जरचा मित्र व बदलती गती हा त्याचा शत्रू, हे यावरून स्पष्ट होते. डीझेल एंजिन समुद्रावरून रुळांवर आणि रुळांवरून रस्त्यावर जसजसे आले, तसतसा विलंबाचा प्रश्न तीव्र होत गेला.

रुळांवरील अनुभव : भारतात हा प्रश्न सर्वसामान्य लोकांच्या नजरेस प्रथम आला तो रेल्वेमुळे. १९६२ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅल्को कंपनीकडून डब्ल्यूडीएम-२ जातीची २,६०० अश्वशक्तीची डीझेल एंजिने भारतीय रेल्वेने मागविली आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात ती तयार होऊ लागली. सोळा सिलिंडरांच्या या चौधावी एंजिनास मोठा टर्बोचार्जर असे. गाडी हलविण्यासाठी चालकाने एकामागून एक खाच वाढविली, की नियंत्रक लगेच इंधन वाढवी. जड टर्बोचार्जर मात्र सावकाश गती घेई व तोपर्यंत धुराड्यातून दाट काळा लोट निघत राही. पुणे व कल्याण येथील डीझेल शेडच्या एंजिनांचे हे दृश्य महाराष्ट्रातील प्रवाशांच्या पूर्ण परिचयाचे होते. १९९८ मध्ये पूर्णपणे खुल्या झालेल्या कोकण रेल्वेवरही २०२२ मध्ये विद्युतीकरण पुरे होईपर्यंत डीझेल एंजिनांची वाहतूक मोठ्या प्रमाणावर होती. पुढे अधिक कार्यक्षम टर्बोचार्जर बसवून याच एंजिनाची शक्ती ३,१०० व ३,३०० अश्वशक्तीपर्यंत नेण्यात आली.

१९९९ पासून भारतात आलेल्या जनरल मोटर्सच्या ईएमडी शाखेच्या दुधावी एंजिनांत निराळाच उपाय योजलेला आहे. तेथे टर्बोचार्जर दंतचक्रांच्या मालिकेने एंजिनाच्या मुख्य दंडास जोडलेला असतो. कमी भारावर एंजिन स्वतःच त्यास फिरविते. निष्कास वायूचा जोर पुरेसा झाला, की एकदिश क्लच सुटतो व टरबाइन मोकळेपणी फिरू लागते. वायूच्या दुव्यावर विसंबून न राहता गरजेपुरता यांत्रिक आधार द्यावयाचा, ही कल्पना पुढील काळातील विद्युत्‌ साहाय्यित टर्बोचार्जरची पूर्वज होय.

रस्त्यावरील वाहने : महाराष्ट्रात डीझेल एंजिनांच्या निर्मितीची परंपरा जुनी आहे. खडकी येथील किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये व पुण्यातील किर्लोस्कर कमिन्स ही १९६२ मध्ये स्थापन झाली. कमिन्सची टर्बोचार्जरयुक्त एंजिने मुख्यतः जनित्रे, डंपर व बांधकामाची यंत्रे यांवर चालत. टेल्कोच्या पिंपरी येथील कारखान्यातून १९७७ पासून मालमोटारी बाहेर पडू लागल्या व १९८६ मध्ये तेथूनच ‘४०७’ ही हलकी मालमोटार आली. या काळातील भारतीय मालमोटारींची एंजिने सामान्यतः टर्बोविरहित असत. त्यांची शक्ती बेताची असली, तरी हवा व इंधन यांची गती जुळलेली असल्याने चालकांस विलंब ठाऊक नव्हता. मोठे एंजिन, मंद गती व लवकर मिळणारा टॉर्क यांवर त्यांच्या सवयी घडलेल्या होत्या.

परदेशात १९७८ मध्ये मर्सिडीझ-बेंझच्या ‘३०० एसडी’ या मोटारीने टर्बो डीझेल एंजिन प्रवासी मोटारीत आणले. भारतात हा बदल मुख्यतः १९९० नंतरच्या दशकात झाला. १९९२ मध्ये डीझेल वाहनांच्या उत्सर्जनाचे पहिले नियम लागू झाले. १९९३ मध्ये टाटा कमिन्स ही संयुक्त कंपनी स्थापन झाली. १९९८ मध्ये टाटा सफारी व २००२ मध्ये नाशिक येथे बनणारी महिंद्रा स्कॉर्पिओ ही टर्बो डीझेल वाहने बाजारात आली. उत्सर्जनाची मर्यादा पाळून शक्ती वाढवावयाची, तर टर्बोचार्जरला पर्याय उरला नव्हता. अशा रीतीने जुन्या सवयीचा चालक आणि नव्या स्वभावाचे एंजिन यांची गाठ पडली.

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील कोन या गावाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. उल्हास खाडीच्या एका बाजूस कल्याण व दुसऱ्या बाजूस कोन असून, कल्याण–भिवंडी रस्ता या गावातून जातो. भिवंडीचे यंत्रमाग व गोदामे यांच्यासाठी होणारी मालवाहतूक, एस.टी. गाड्या व रिक्षा यांची या रस्त्यावर दाटी असते. भरलेली मालमोटार येथे थांबत-थांबत पुढे सरकते. प्रत्येक वेळी उभ्या स्थितीतून निघताना टर्बोचार्जर जवळजवळ निद्रिस्त असतो आणि त्याच क्षणी सर्वाधिक जोर लागतो. तीच मालमोटार पुढे नाशिक रस्त्याने कसाऱ्याच्या घाटास लागली, म्हणजे गिअर बदलण्याच्या क्षणी दाब ओसरतो व तो पुन्हा चढेपर्यंत वेग पडतो. घाटात विलंब चालकास जाणवतो. कोनसारख्या वस्तीत तो चालकापेक्षा दुकानदारास व पादचाऱ्यास अधिक भोवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डीझेलचा निष्कास वायू निश्चित कर्करोगकारक पदार्थांच्या वर्गात घातला, हे येथे नमूद केले पाहिजे.

उपाययोजना : विलंब घटविण्याचे प्रयत्न तीन दिशांनी झाले : फिरणारा भाग हलका करणे, उपलब्ध निष्कास वायूचा अधिक चांगला उपयोग करणे आणि टर्बोचार्जरला बाहेरून साहाय्य देणे.

सारख्याच आकाराच्या दोन चक्रांचे निरूढी परिबल, म्हणजे गती बदलण्यास होणारा विरोध, व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात असते. व्यास २० टक्क्यांनी कमी केल्यास हे परिबल सुमारे एक-तृतीयांशावर येते. लहान चक्रास तोच दाब देण्यासाठी अधिक वेगाने फिरावे लागते. तो हिशेब धरूनही त्यास गती देण्यास लागणारी ऊर्जा जवळजवळ निम्मी होते. म्हणून लहान टर्बोचार्जर लवकर जागा होतो. मात्र एंजिनाच्या उच्च गतीस त्यात वायू कोंडतो व दाब मर्यादेबाहेर जाऊ लागतो. यासाठी जादा वायू टरबाइनाला वळसा घालून सोडणारी झडप बसवितात. सिरॅमिकसारख्या हलक्या द्रव्याचे टरबाइन हा दुसरा मार्ग होय. निस्सान कंपनीने १९८५ मध्ये एका पेट्रोल मोटारीत त्याचा अवलंब केला.

लहान टर्बोचार्जर तत्पर पण अशक्त आणि मोठा समर्थ पण आळशी, या पेचातून बाहेर पडण्यासाठी बदलत्या भूमितीचे टरबाइन निघाले. त्यात टरबाइनाभोवती हलणारी पाती असतात. एंजिन मंद असता ती जवळजवळ मिटतात. वाट अरुंद झाल्याने वायूचा झोत वेग घेतो. पाण्याच्या नळीच्या तोंडावर अंगठा धरल्यास धार दूर जाते, तसाच हा प्रकार आहे. एंजिनाची गती वाढली, की पाती उघडतात. डीझेल प्रवासी मोटारीत ही रचना फियाट क्रोमामध्ये १९९१ साली आली. महाराष्ट्रातील वाहनांपैकी टाटा सफारीच्या २.२ लिटर एंजिनात ती २००७ मध्ये व महिंद्राच्या ‘एमहॉक’ एंजिनात २००८ मध्ये आली. पुण्याजवळील रांजणगावच्या कारखान्यात बनलेल्या फियाटच्या १.३ लिटर एंजिनाचे दोन प्रकार होते : स्थिर भूमितीचा सुमारे ७५ अश्वशक्तीचा व बदलत्या भूमितीचा सुमारे ९० अश्वशक्तीचा. एवढ्या लहान एंजिनात निष्कास वायूच मुळात थोडा. त्यामुळे साधारण दर मिनिटास २,००० फेऱ्यांखाली ते मंद भासे व त्यापुढे एकाएकी उसळी घेई, असा चालकांचा सार्वत्रिक अनुभव होता.

एक लहान व एक मोठा असे दोन टर्बोचार्जर क्रमाने वापरण्याची पद्धती बीएमडब्ल्यूने २००४ मध्ये प्रवासी मोटारीत आणली. बाह्य साहाय्याची दोन उदाहरणे २०१६ मधील आहेत. व्होल्वोने एका लहान टाकीत साठविलेल्या हवेचा फवारा टरबाइनाच्या आधी सोडून त्यास प्रारंभिक गती देण्याची व्यवस्था केली. आउडीने ४८ व्होल्ट दाबाच्या विजेवर चालणारा ७ किलोवॉटचा संपीडक बसविला. तो पाव सेकंदाच्या आत पूर्ण गती घेतो. या योजना खर्चिक असल्याने महागड्या मोटारींपुरत्याच राहिल्या.

इंधनाची बाजू : वरील सर्व उपाय हवेला लवकर आणण्याचे आहेत. याच्या उलट, हवा येईपर्यंत इंधनास थोपवून धरण्याचा उपायही फार पूर्वीपासून योजला जातो. यांत्रिक इंधनपंपावर एक लवचिक पडदा बसवितात. टर्बोचार्जरचा दाब त्या पडद्यावर आल्याखेरीज पंप पूर्ण इंधन सोडत नाही. यामुळे धूर कमी होतो, पण गाडी अधिक सुस्त वाटते. पुष्कळ चालक व दुरुस्ती करणारे कारागीर या पडद्याचा स्क्रू फिरवून किंवा त्याची नळी काढून जोर वाढवीत. विलंब कमी झाल्यासारखा वाटे. वस्तुतः हवेची उणीव तशीच राहून धूर मात्र वाढे. कॉमन रेल पद्धतीत हे काम संगणकीय नियंत्रकाकडे गेले. ही पद्धती १९९७ मध्ये आल्फा रोमिओ मोटारीत व २००५ मध्ये स्कॉर्पिओत आली. तीत आत आलेली हवा मोजून त्या मानाने इंधन सोडले जाते. येथेही नियंत्रकातील प्रणाली बदलून इंधन वाढविण्याचा व्यवसाय निघाला. उत्पादकाने ठरविलेल्या मूळ विनिर्देशांत फेरफार करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने निर्बंध घातलेला आहे.

डीझेल वाहनाच्या धुराची तपासणीही नेमक्या याच क्षणावर आधारलेली आहे. गिअर न टाकता अ‍ॅक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबतात आणि एंजिन मंद गतीवरून कमाल गतीस जात असता धुराची घनता मोजतात. भारत स्टेज ४ पूर्वीच्या वाहनांसाठी ही मर्यादा ६५ हार्ट्रिज एकके व स्टेज ४ च्या वाहनांसाठी ५० एकके ठरविण्यात आली. स्थिर गतीने चालणारे एंजिन कितीही स्वच्छ असले, तरी या परीक्षेत हवा मागे पडली, की ते उघडे पडते. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था वाहनांस मान्यता देण्यापूर्वी उत्सर्जनाच्या याहून पुष्कळ कसोशीच्या चाचण्या घेते.

१ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज ४ व १ एप्रिल २०२० पासून स्टेज ६ ही मानके देशभर लागू झाली. स्टेज ६ च्या डीझेल वाहनांत काजळी अडविणारा गाळक असतो. विलंबाच्या काळात निर्माण झालेली काजळी आता हवेत न जाता गाळकात साचते व ती वेळोवेळी जाळावी लागते. त्यामुळे विलंब कमी ठेवणे हे उत्पादकाच्याही हिताचे झाले. याच टप्प्यावर खर्च न परवडल्याने फियाटच्या १.३ लिटर एंजिनासह अनेक लहान डीझेल एंजिने भारतीय बाजारातून गेली.

मूल्यमापन : शंभर वर्षांच्या या वाटचालीत टर्बो विलंब नाहीसा झाला नाही, तो सेकंदांवरून सेकंदाच्या अंशांवर आला. जोपर्यंत एंजिन व टर्बोचार्जर यांना वायूचा दुवा जोडतो, तोपर्यंत काही विलंब अटळ आहे. वापरातील जुन्या वाहनांत तो वाढण्याची कारणे बहुधा साधी असतात : तुंबलेला हवागाळक, इंटरकूलरच्या नळ्यांची गळती, काजळीने अडकलेली पाती किंवा निकृष्ट तेलामुळे झिजलेले धारवे. यांची दुरुस्ती हवेची वाट मोकळी करते. इंधन वाढवून मिळविलेली तत्परता मात्र उसनी असते व तिची किंमत वाहनामागे उभ्या असलेल्या माणसास आपल्या फुप्फुसांनी चुकवावी लागते. हवेच्या बाजूने केलेला उपाय विलंब घटवितो, इंधनाच्या बाजूने केलेला उपाय तो केवळ झाकतो. या विषयाच्या इतिहासाचे सार एवढेच आहे.